बोधचिन्हाचा अर्थ आणि वापरातील सातत्य : भारतीय स्टेट बँकेच्या संदर्भात

संस्थेचे बोधचिन्ह हे केवळ सजावटीचे साधन नसून ती संस्थेची दृश्य स्वाक्षरी असते. या दृष्टीने भारतीय स्टेट बँकेचे बोधचिन्ह अभ्यसनीय ठरते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी १९७१ मध्ये ते साकारले : निळे वर्तुळ, मध्यभागी लहान पांढरे वर्तुळ व तेथून खाली उतरणारी पांढरी फट.

या आकृतीत कोणी कुलपाचे छिद्र पाहतात, तर कोणी कांकरिया तलावाचा आराखडा. अर्थाविषयी अशी मतभिन्नता असूनही ओळखीविषयी संदिग्धता नाही. याचे श्रेय प्रतीकात्मकतेपेक्षा वापरातील सातत्याकडे जाते. सहयोगी बँकाही हेच चिन्ह वापरीत. परिणामी १ एप्रिल २०१७ रोजी पाच सहयोगी बँका विलीन झाल्या, तेव्हा फलकांवरील नावे बदलली. निळे वर्तुळ मात्र कायम राहिले.

कोणत्याही संस्थेचा फलक रंगविताना वर्तुळ लंबगोल करणे, छटा बदलणे किंवा चिन्हाभोवतीची मोकळी जागा मजकुराने भरणे या बाबी किरकोळ मानल्या जातात. अक्षरओळख नसलेल्या खातेदाराच्या दृष्टीने मात्र हा नावातीलच बदल होय.

अर्थात, चिन्हाची हुबेहूब नक्कल करून फसवणूकही होते. म्हणून चिन्ह ही ओळख आहे, खात्रीचा पुरावा नव्हे. तथापि अधिकृत वापरच विस्कळीत असेल, तर सदोष नक्कल ताडून पाहण्याचा आधारही ग्राहकापाशी उरत नाही. रंग व प्रमाण यांविषयीची शिस्त ही म्हणूनच सौंदर्याइतकीच उत्तरदायित्वाची बाब ठरते.