लेखनिक गणपती आणि डॉ. सुखटणकर

आमच्या जालना जिल्ह्यात अंगारकीला राजूरच्या गणपतीला जाण्याचा अनेक घरांचा परिपाठ आहे. तेथून परततानाच लहानपणी आजीने मला सांगितले होते की, महाभारत सांगितले व्यासांनी आणि लिहिले गणपतीने. लेखणी थांबता कामा नये, ही गणपतीची अट. अर्थ कळल्यावाचून अक्षर उमटवू नये, ही व्यासांची. पुढे डॉ. विष्णु सीताराम सुखटणकरांनी संपादिलेले आदिपर्व हाती आले, आणि पाहतो तो मूळ संहितेत हा प्रसंगच नाही! तो परिशिष्टात नेऊन ठेवलेला. मनाला चटका बसला, हे खरे.

सुखटणकर केंब्रिजला गणित आणि बर्लिनला संस्कृत शिकलेले. १९२५ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात ते महाभारताचे प्रमुख संपादक झाले. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मलयाळम् लिपीपर्यंतच्या पोथ्या त्यांनी ताडून पाहिल्या. निरनिराळ्या परंपरांत जे समान, ते संहितेत. जे काहींतच आढळते, ते तळटीपेत किंवा परिशिष्टात, हा त्यांचा दंडक. म्हणजे गणपती बाहेर काढला गेला नाही. माजघरातून ओसरीवर आला, इतकेच.

अशी चाळणी लावणारा माणूस श्रद्धाहीन असेल, असा माझा समज होता. तो त्यांच्या मुंबईच्या व्याख्यानांनी दूर केला. होमरच्या काव्यांप्रमाणे महाभारताचेही थर सोलून त्यातून ‘मूळ युद्धकथा’ शोधणाऱ्या युरोपीय पंडितांना त्यांनी तेथे खडसावले आहे. व्यवहार, नीती आणि अध्यात्म अशा तिन्ही पातळ्यांवर हे काव्य एकसंध आहे, असे ते सांगतात. ही व्याख्याने १९५७ साली ग्रंथरूप झाली.

एक तक्रार मात्र उरते. ही संशोधित संहिता जशीच्या तशी कोणत्याच एका पोथीत नव्हती. आजीच्या तोंडून जे महाभारत मला मिळाले, ते परिशिष्टातले. पोथ्यांच्या आधारे मागे जाता येईल तितकेच आपण गेलो, असे सुखटणकरही मानीत; म्हणून वाचकाने परिशिष्टाला उष्टे समजू नये.

चौथे व्याख्यान देण्यापूर्वीच, जानेवारी १९४३ मध्ये, ते गेले. पण लेखणी थांबली नाही; डॉ. बेलवलकर आणि डॉ. प. ल. वैद्य यांच्या हातून १९६६ साली संहिता पुरी झाली. अर्थ कळल्यावाचून अक्षर न उमटवण्याची अटही या मंडळींनी पाळली. गणपतीला परिशिष्टात ठेवणाऱ्यांनीच त्याचे काम पुढे चालविले, असे आता राजूरला हात जोडताना वाटते.