माजघर ताजंतवानं करा!

मराठी समीक्षकांनी कादंबरीची समीक्षा केली, कवितेची केली, नाटकाची तर काही वेळा तिसऱ्या घंटेच्या आधीच केली. पण एका अत्यंत लोकप्रिय वाङ्मयप्रकाराकडे त्यांचं साफ दुर्लक्ष झालेलं आहे. तो प्रकार म्हणजे गृहसजावटीचा लेख. रविवारच्या पुरवणीत, दिवाळीच्या आधीच्या महिन्यात आणि केशकर्तनालयाच्या बाकावर हा प्रकार विपुल आढळतो. मी बी.कॉम. असून बँकेत कारकून आहे. म्हणजे समीक्षेला लागणारी एकही पात्रता माझ्यापाशी नाही. फक्त दुसऱ्यानं लिहिलेल्या कागदावर पेन्सिलीनं खुणा करायची बावीस वर्षांची सवय आहे. तेवढ्याच भांडवलावर हा धंदा काढला आहे.

या वाङ्मयप्रकाराची लक्षणं अशी. एक, लेखाचं नाव आकड्यानं सुरू होतं. 'बैठकीची खोली खुलवण्याच्या सात युक्त्या.' सातच का, याचा मी बराच विचार केला. सप्तपदीसारखं असावं. सातवं पाऊल पडलं की माघार नाही.

दोन, भाषा आज्ञार्थी. 'भिंतींना बोलकं करा.' 'कोपऱ्याला अर्थ द्या.' 'निसर्गाला घरात आणा.' आमच्याकडे निसर्ग न बोलावता येतो. पाली, मुंग्या आणि वैशाखात ताटभर धूळ. आमच्या मुख्य कचेरीची परिपत्रकंही आज्ञार्थीच असतात, पण त्यात निदान हुकूम कोणत्या तारखेपासून लागू आणि न पाळल्यास काय होईल, एवढं तरी लिहिलेलं असतं.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, छायाचित्रात माणूस नसतो. सोफा असतो, दिवा असतो, काचेच्या वाडग्यात हिरवी सफरचंदं असतात, उघडं पुस्तक असतं. वाचणारा नसतो. एवढी सुंदर खोली सोडून ही मंडळी कुठं गेली असतील, याची मला मनापासून काळजी वाटते. बहुतेक हप्ता भरायला गेली असावीत. कारण कर्जाच्या खिडकीशी मला ती नेहमी दिसतात.

या लेखाचा नायक सोफा आणि खलनायक अडगळ. अडगळ म्हणजे काय? तर लेखकाला जिचा उपयोग माहीत नाही, अशी वस्तू.

आता उदाहरणाकडे वळू. उदाहरण घरचंच आहे.

आमचं घर करमाळ्यात, जुन्या वस्तीत. रेल्वेनं यायचं तर जेऊरला उतरून पुढं एसटी. घर आजोबांनी बांधलं. दगडमातीच्या भिंती, वर माळवद. जुनं तेवढं सोनं, असं म्हणणाऱ्यातला मी नाही. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा अशाच जाड भिंती आणि असाच मातीचा जड माळा झोपलेल्या माणसांच्या अंगावर आला, आणि हजारो माणसं गेली. ते ऐकल्यावर वडिलांनी त्याच हिवाळ्यात वरची माती उतरवून पत्रा घातला. घर उन्हाळ्यात तापायला लागलं, पण आई निवांत झोपायला लागली. ही खरी गृहसजावट. पण तिच्यावर कुणी लेख लिहीत नाही, कारण फोटो चांगला येत नाही.

घराच्या मध्यावर माजघर. पुण्याचे लोक ज्याला 'फॅमिली रूम' म्हणतात ते. त्यात एक सतरंजी, एक पेटी, जातं, आणि भिंतीवर जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर एक गोल तेलकट डाग. ताटलीएवढा. तो वडिलांच्या डोक्याचा. चाळीस वर्षं संध्याकाळी तिथं टेकून त्यांनी पेपर वाचला, उसाचा आणि उधारीचा हिशेब केला आणि माझ्या प्रगतिपुस्तकावर सह्या केल्या. खोबरेल तेल ते सढळ हातानं लावत. ते जाऊन नऊ वर्षं झाली. आई मात्र रोज संध्याकाळी त्या डागासमोर सूप घेऊन ज्वारी निवडायला बसायची, आणि खडे काढता काढता दिवसभराचं काय काय बोलत राहायची. आम्हाला वाटायचं, आमच्याशी बोलतेय.

तर गेल्या साली आमच्या सौभाग्यवतींनी तो सात युक्त्यांचा लेख माझ्या पुढ्यात ठेवला. "अहो, हे बघा. कमी खर्चात म्हणतायत."

मी नेहमीप्रमाणे थट्टा करणार होतो. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबलो. लग्न होऊन या घरात आल्याला तिला अठरा वर्षं झाली होती आणि या अठरा वर्षांत एक खुंटीसुद्धा तिनं आपल्या मर्जीनं ठोकलेली नव्हती. तिचा हट्ट सोफ्यासाठी नव्हताच. मी कर्जाचा अर्ज भरला. खिडकीच्या आतल्या माणसानं बाहेर येऊन रांगेत उभं राहायचं, हा अनुभवही घेण्यासारखा असतो.

युक्ती पहिली, अडगळ काढा. सतरंजी आणि पेटी माळ्यावर गेली. युक्ती दुसरी, एका भिंतीला गडद रंग देऊन तिला 'लक्षवेधी' करा. वडिलांची भिंत मोरपंखी झाली. युक्ती तिसरी, जुन्या वस्तूला नवं रूप द्या. जात्यावर काच बसवून टीपॉय केला. आईनं त्यावर ठेवलेला कप बघितला आणि विचारलं, "आता च्या दळायचा का काय ह्यात?" युक्ती चौथी, स्थानिक कला मांडा. जिला भौगोलिक मानांकन मिळालंय ती आपली सोलापुरी चादर, जी अंगावर घेऊन आम्ही लहानाचे मोठे झालो, ती भिंतीवर टांगली. थंडी पडली तेव्हा तिच्याकडे बघून ऊब घ्यावी लागली. पाचवी दिव्यांची, सहावी कुंडीची. सातवी युक्ती होती, 'तळघराचं सोनं करा.'

इथं समीक्षकाला थोडं थांबावं लागतं. हे लेख बऱ्याचदा थंड मुलखातून भाषांतर होऊन येतात. तिकडं हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. एवढं खणलंच आहे तर एक खोली काढून टाकू, अशा हिशेबानं त्यांच्या तळघराचा जन्म होतो. मग तिथं गालिचा, टीव्ही, गाद्या. करमाळ्यात जमीन गोठत नाही, माणूस वितळतो. आमच्याकडे जमिनीखाली गेली ती ज्वारी. गावोगावी पेवं होती, आमच्या माजघराखाली दहा पायऱ्यांचं तळघर. बंद जागेत धान्य श्वास घेतं, हवेतला प्राणवायू संपवतं, जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साठतो आणि किडे मरतात. माणूस उतरला तर तोही मरतो. म्हणून आजोबा आधी फळी काढून बराच वेळ हवा जाऊ देत आणि मग दोरीला कंदील बांधून खाली सोडत. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. तळघराबद्दल मला माहीत असलेला सगळ्यात मोलाचा सल्ला हाच, आणि तो एकाही सजावटीच्या लेखात मी वाचलेला नाही.

ज्वारी गेल्यावर वडिलांनी त्याला दोन झरोके पाडले आणि आम्ही वैशाखात तिथं दुपारी झोपायला लागलो. वर पारा चाळिशीच्या पुढं, खाली गारवा. जमिनीत थोडं खोल गेलं की दिवसरात्रीचा फरक पोचतच नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. लेखाबरहुकूम आम्ही तिथं भिंतींना गुळगुळीत प्लॅस्टिकचा रंग दिला आणि खाली गालिचा घातला. पूर्वी चुन्याची सफेदी होती. चुना भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो, हा रंग ती कोंडून धरतो. त्या साली नेमका पाऊस चांगला झाला. पोळ्यापर्यंत रंगाचे पापड निघाले आणि गालिच्याला शेवाळी वास सुटला. निसर्ग घरात आला तो असा.

जमिनीखालच्या जागेचं सौंदर्य ज्यांना बघायचं असेल त्यांनी आमच्या कमलाभवानीला यावं. देऊळ निंबाळकरांनी १७२७ साली बांधलं. तिथल्या बारवेला ९६ पायऱ्या आणि देवळाला ९६ खांब आहेत, असं सांगतात. मी पायऱ्या मोजायला गेलो होतो. साठीच्या पुढं धाप लागली, तेव्हा उरलेला आकडा सस्पेन्स खात्यात टाकून वर आलो. पण प्रत्येक पायरी पाण्यापर्यंत जाण्यासाठी आहे, आणि बघणाऱ्याचा ऊर भरून येतो तो त्या कामाच्या नेटकेपणानं. शोभेसाठी म्हणून ती बांधलेली नाही.

तर माजघर झालं. शेजारपाजारचे बघून गेले, फोटो काढून गेले. फोटोत कुणी नव्हतं, म्हणजे लेखाची अट पूर्ण झाली. पण पंधरा दिवसांनी मी सवयीनं टॅली घेतली. पूर्वी संध्याकाळी माजघरात पाच माणसं असायची. आता शून्य. मुलगा सोप्यात, मुलगी गच्चीवर, सौभाग्यवती स्वयंपाकघरात, आणि आई परसदाराच्या उंबऱ्याशी, सूप मांडीवर घेऊन गप्प.

"आत्याबाई, आत या की. सोफ्यावर बसा," आमची ही म्हणाली.

"नगं गं. मळंल."

मी जवळ जाऊन बसलो. "आई, काय झालं?"

"काय न्हाई रे आप्पा. खोली छान झालीया. पर पाव्हण्यासारखं वाटतंय बघ. कुणाच्या घरी आल्यागत."

हे मी पुण्यात आर्किटेक्चर शिकणाऱ्या भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, हे १९०० सालीच लिहून झालंय." व्हिएन्नाच्या अडोल्फ लोस नावाच्या वास्तुकारानं एका गरीब श्रीमंत माणसाची गोष्ट लिहिली आहे म्हणे. हा श्रीमंत गृहस्थ घर सजवायला एक नामांकित वास्तुकार बोलावतो. वास्तुकार राखदाणीपासून सगळं ठरवून देतो. वाढदिवसाला बायकापोरं भेटी देतात. त्या कुठं ठेवायच्या हे विचारायला मालक वास्तुकाराला बोलावतो, तर तो आधी पायांतल्या सपाता बघूनच भडकतो. त्या त्यानं झोपायच्या खोलीसाठी काढलेल्या असतात! आणि भेटी? सगळं पूर्ण करून दिल्यावर भेटी घेतल्याच कशा? तेव्हा त्या बिचाऱ्याला कळतं की आपल्याला आता आयुष्यात काही हवंसं वाटायचीही सोय उरलेली नाही. व्हिएन्ना आणि करमाळा यांत एवढंच अंतर, की त्याला वास्तुकाराची फी पडली आणि आमचं पुरवणीच्या किमतीत भागलं.

आता निकाल. या लेखांत खरं काहीच नसतं, असं म्हटलं तर अन्याय होईल. डोळ्यांवर येणारा एक झगझगीत दिवा लावण्यापेक्षा बसण्याच्या जागी लहान लहान दिवे लावा, हा सल्ला उत्तम. आईला आता ज्वारीतले खडे नीट दिसतात. न लागणारं देऊन टाका, हेही बरोबर. दोष एकच आहे. लेखक खोली बघतो आणि ती रिकामी आहे असं धरून चालतो. घरात कोण कुठं टेकतं, कोण कुणासमोर बसतं, हे आधी चार संध्याकाळी बघा आणि मग काय ते हलवा, अशी आठवी युक्ती कुणी सांगत नाही. ती सांगितली तर पहिल्या सातांतल्या चार रद्द होतात.

आमच्या हिशेबशास्त्रात वस्तूची किंमत दरसाल कमी करत आणतात, त्याला घसारा म्हणतात. नवा सोफा घरात आला त्या दिवसापासून त्याला घसारा लागला. भिंतीवरचा डाग ही मी पाहिलेली एकुलती एक मालमत्ता, की जी घासूनच वाढली. पण ताळेबंदात तिला रकाना नाही.

या संक्रांतीच्या सुमारास मोरपंखी भिंतीवर, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, एक काळसर गोल दिसायला लागला. तेल मुरलेलं होतं, रंगातून वर आलं. रंगारी बघायला आला. म्हणाला, "वहिनी, घासून प्रायमर मारतो, परत दिसायचा नाही."

आमची ही त्या डागाकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "राहू द्या." आणि सोफा दुसऱ्या भिंतीला लावायला तिनं मला हाक मारली. सोफा तिच्या पसंतीचा, तो तिथंच राहणार. पण माळ्यावरची सतरंजी खाली आली. चादरही उतरली, कारण थंडी होती. संध्याकाळी आई सूप घेऊन येऊन बसली आणि बोलायला लागली. परवा टॅली घेतली. पाच.

आता सगळं सुरळीत आहे. फक्त पुढचा अंक 'स्वयंपाकघर विशेष' आहे, हे कुणीतरी आईच्या कानावर घातलेलं दिसतं. कारण काल रात्रीपासून पाटा-वरवंटा तिच्या खाटेखाली आहे.