काढायचं किती, ठेवायचं किती

कंबरेचा एमआरआय उजेडासमोर धरला की आधी डोळ्यांत भरतो तो उभा पांढरा पट्टा. ते मज्जारज्जूभोवतीचं पाणी. त्यात वरून उतरलेला करडा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी निमुळता होऊन संपतो आणि तिथून खाली फक्त नसांचे धागे लोंबत राहतात. पट्ट्याच्या पुढे मणक्यांचे चौकोन एकावर एक, आणि दर दोन चौकोनांमध्ये गादी. तरुण गादीच्या पोटात पाणी असतं, म्हणून ती मध्ये उजळ दिसते. वय झालं की गादी सुकते, काळी पडते, बसते. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधून एक काळपट जीभ मागे येऊन पांढऱ्या पट्ट्यात घुसलेली दिसली, की घरातलं कुणीही म्हणतं, 'गादी सरकली, नस दबली.'

हे चित्र काहीच लपवत नाही, हा त्याचा मोठेपणा, आणि अडचणही तीच. 1994 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या एका अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या 98 जणांचे एमआरआय तपासले होते. 52 टक्के लोकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली, 27 टक्के लोकांची बाहेर डोकावलेली. पुरती बाहेर ओघळलेली गादी मात्र शंभरात एकाचीच. रिपोर्टमधल्या 'डिस्क बल्ज'ने हादरून गेलेल्या माणसाला हे आकडे कुणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवेत.

म्हणून जाणता सर्जन चित्र पाहून थांबत नाही, पाय पाहतो. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी बहुधा पाचव्या नसेवर येते. मग कळ नितंबातून मांडीच्या आणि पोटरीच्या बाहेरच्या अंगाने पावलाच्या वरच्या बाजूला उतरते आणि पायाच्या अंगठ्याचा जोर जातो. अंगठ्यावर बोट दाबून 'वर उचला' म्हणायचं आणि दोन्ही पायांचा जोर ताडून पाहायचा: तपासणी क्षणाची, पण पाचवी नस दबली असेल तर एका अंगठ्याचा उणेपणा बोटाला लगेच कळतो. एक पातळी खालची गादी असेल तर कळ टाचेकडे, करंगळीकडे जाते, चवड्यावर उभं राहवत नाही, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया मावळते. चित्रातली बाजू आणि पातळी पायातल्या कळेशी जुळली, तरच सुरीचा विचार.

हा मेळ वैद्यकाला फार उशिरा बसला. बर्लिनच्या ओपेनहाइम आणि क्राउझ यांनी 1909 साली प्रसिद्ध केलेल्या रुग्णाच्या पाठीतून गादीचाच तुकडा काढला होता, पण त्यांनी तो कूर्चेची गाठ ठरवला. पुढे किती तरी वर्षं असे तुकडे गाठी म्हणूनच नोंदले गेले. 1934 साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले मेंदूशल्यविशारद मिक्स्टर आणि अस्थिशल्यविशारद बार यांचा निबंध आला. त्यात रुग्ण 19. त्यांनी गाठ म्हणून काढलेले जुने नमुने पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतले, गादीच्या पेशीजालाशी ताडून पाहिले आणि सांगितलं की ही गाठ नाही, फुटलेली गादी आहे. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. जे आधीच हातात होतं ते त्यांनी नीट वाचलं, आणि सायटिकेचं एक मोठं कारण जगाला कळलं. मला हा निबंध शल्यशास्त्रातल्या सर्वांत सुंदर वाचनांपैकी एक वाटतो.

तेव्हा आत शिरायचं म्हणजे मणक्याची मागची कमान रुंद काढावी लागे. 1977 साली यासारगिल आणि कास्पर यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सूक्ष्मदर्शकाखालची पद्धत मांडली. ही शस्त्रक्रिया पाहावी अशी आहे. रुग्ण पालथा, पण पोट अधांतरी, कारण पोट दाबलं गेलं तर आतल्या शिरा फुगतात आणि रक्तस्राव वाढतो. एक्स-रेवर पातळी पक्की केल्याशिवाय सुरी लागत नाही, कारण चुकीच्या पातळीवर शिरणं या शस्त्रक्रियेत सहज घडू शकतं. छेद दोन-तीन सेंटिमीटरचा. एका बाजूचा स्नायू हाडावरून सरकवतात, कमानीची कड थोडी कोरतात. मग दिसतो पिवळा अस्थिबंध, खरोखरच पिवळा. तो उघडला की खाली फुगलेली, ताणलेली, कधी लालसर झालेली नस. तिला बोथट हत्याराने मध्याकडे हळूच सरकवतात, आणि तिच्या आड दडलेला पांढुरका तुकडा चिमट्यात येतो. तो निघाला की नस सैल पडते. एवढ्यावर थांबणं, हेच कसब. सुटलेले तुकडे काढायचे, उरलेली गादी खरवडून रिकामी करायची नाही. त्यामुळे गादी पुन्हा बाहेर येण्याचा धोका थोडा राहतो, पण कंबर जास्त शाबूत राहते.

आणि कित्येकदा हेही करावं लागत नाही. बाहेर पडलेला तुकडा शरीराला परका वाटतो. भक्षक पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात, मोठा सुटा तुकडा तर जास्तच. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात 283 रुग्णांपैकी काहींची लवकर शस्त्रक्रिया केली, काहींना थांबवलं. शस्त्रक्रियेने पाय लवकर मोकळा झाला, पण वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच होते. थांबवलेल्यांपैकी 39 टक्के लोकांना मात्र वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणजे कळ सोसवते का, कामावर किती दिवसांत परतायचं आहे, हे रुग्णाने सांगायचं. अपवाद ठाम आहेत. लघवी अडली, दोन मांड्यांमधला भाग बधिर झाला, किंवा पायाचा जोर दिवसागणिक उतरू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

मानेत प्रकरण वेगळं, कारण तिथे नसांबरोबर खुद्द मज्जारज्जू असतो. शर्टाची बटणं लागत नाहीत, अक्षर बिघडतं, चालताना तोल जातो. असं असेल तर फार थांबू नये. समोरून गादी काढून दोन मणके जोडतात, किंवा अनेक पातळ्या दबल्या असतील तर मागून जागा करतात.

उतारवयात गादीपेक्षा वाटच अरुंद होते. आडव्या छेदाच्या चित्रात जिथे पांढरं वर्तुळ हवं, तिथे चिरोटी उरते. सांधे फुगलेले, पिवळा अस्थिबंध जाड. आजोबा शंभर पावलांत पाय जड पडून पारावर बसतात, बसताच बरं वाटतं, आणि तेच आजोबा सायकलवर दूरच्या गावी जाऊन येतात. वाकलं की वाट रुंदावते, म्हणून. डच सर्जन फरबीस्ट यांनी 1954 मध्ये हा आजार नीट मांडला. इलाज म्हणजे वाट मोकळी करणं. पण सोबत मणका थोडा सरकलेला असेल, तर स्क्रू-पट्ट्यांनी जोडायचा का? 2016 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'च्या एकाच अंकात, पाठोपाठच्या पानांवर, दोन निबंध आले. 247 रुग्णांच्या स्वीडिश अभ्यासात जोडण्याने काही वाढीव लाभ दिसला नाही. 66 रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात थोडा लाभ दिसला, आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळही कमी आली. दोन्ही निबंध एका बैठकीत वाचावेत. मग 'मणका सरकलाय, स्क्रू बसवू' हे वाक्य इतकं सरळ राहत नाही. वाकून आणि मागे झुकून काढलेल्या एक्स-रेंत मणका खरोखर हलतो का, हे विचारावंसं वाटतं.

पाय मोकळे आहेत, नुसती कंबर दुखते आणि चित्रात एक काळी गादी आहे, तिथे जोडणीचा आधार सर्वांत कच्चा. 2005 मध्ये ब्रिटनमधल्या 349 रुग्णांच्या चाचणीत मणके जोडणं आणि कसून करवून घेतलेला व्यायाम समोरासमोर ठेवले. दोन वर्षांनी फरक उरला तो अगदी थोडा, आणि जोडणीच्या बाजूला शस्त्रक्रियेतली गुंतागुंत होती. व्यायामाच्या बाजूला तेवढी जोखीम नव्हती.