सिंत्रा : दृश्य आणि शिलालेख

लिस्बनच्या वायव्येस, अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्यांना आडवी पडलेली एक लहानशी डोंगररांग आहे. समुद्राचे बाष्प तिथे अडते, धुके उतरते, भिंतींवर शेवाळ आणि नेचे माजतात. या उतारावरचे सिंत्रा हे नगर पोर्तुगीज राजांचे उन्हाळी निवासस्थान होते. माथ्यावर मूरांचा किल्ला, खाली दोन उत्तुंग शंक्वाकृती धुराड्यांचा जुना राजवाडा, समोरच्या शिखरावर पेनाचा रंगीत प्रासाद, आणि अधूनमधून धनिकांच्या वाड्या व उद्याने. १९९५ साली युनेस्कोने या परिसरास सांस्कृतिक भूदृश्य म्हणून जागतिक वारशात स्थान दिले. प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराला अशी स्थळे फार सोपी वाटतात. म्हणूनच ती त्याची कसोटी घेतात.

कामोंइशच्या ‘लुझियादास’ (१५७२) या महाकाव्यात सिंत्राचे स्थान अगदी थोडे, पण मोक्याचे आहे. पाचव्या सर्गात वास्को द गामाचे नाविक भारताच्या दिशेने निघतात आणि त्यांच्या नजरा ताग नदीवर व सिंत्राच्या गार डोंगरावर खिळून राहतात. डोंगराचे वर्णन नाहीच म्हटले तरी चालेल. तो दिसेनासा होतो, एवढेच सांगितले आहे. ज्याने स्वतः हा समुद्र ओलांडून १५५३ साली गोवा गाठले, त्या कवीला याहून अधिक सांगण्याची गरज भासली नाही.

बायरनची गोष्ट वेगळी. १८०९च्या जुलैत तो इथे आला आणि ‘चाइल्ड हॅरॉल्ड’च्या पहिल्या सर्गात (१८१२) त्याने सिंत्राला स्वर्गीय उद्यानाच्या पंक्तीस बसविले. युरोपभरच्या प्रवाशांनी पुढे शतकभर ही दृष्टी उसनी घेतली. परंतु ती दृष्टी कितपत पाहणारी होती? शिखरावरच्या मठाचे नाव त्याने चुकीचे ऐकले. ‘पेन्या’ म्हणजे खडक. त्याने ‘पेना’ म्हणजे शिक्षा, यातना असा अर्थ घेतला आणि खडकावरची माता यातनांची माता झाली. पुढील आवृत्तीच्या टिपेत त्याने दुरुस्ती केली, पण कविता तशीच राहिली. १८०८च्या ज्या तहाचा त्याने धिक्कार केला, तो सिंत्रातल्या सरदारवाड्यात झाला अशी त्याची समजूत होती. तीही खरी नव्हती. कवीला भूगोलाच्या परीक्षेस बसवू नये, हे मान्य. तरीही खडकाच्या जागी यातना ऐकू येणे हा केवळ कानाचा दोष नव्हे. रोमँटिक मनाला जे हवे होते, तेच त्याने ऐकले.

गंमत अशी की पुढे दगडानेच काव्याचे अनुकरण केले. राणी दुसऱ्या मारियाचा पती फर्डिनांड याने १८३८ साली तो पडका मठ विकत घेतला आणि एश्वेगे नावाच्या जर्मन खाण-अभियंत्याकडून तिथे मूर, गॉथिक व मॅन्युएलाइन शैलींचे मिश्रण असलेला प्रासाद उभारला. पेनाचे हे नाटकी रूप मोहक आहे, पण त्यात राजाच्या एकांतापेक्षा त्याचे वाचन अधिक दिसते. खालच्या जुन्या राजवाड्यात मात्र सहावा अफोन्सो भावाच्या कैदेत राहिला आणि १६८३ साली वारला. त्याच्या येरझाऱ्यांनी फरशी झिजली असे सांगतात. त्या एका खोलीपुढे पेनाचे सारे बुरूज फिके पडतात.

या दृश्यपूजेला खरा छेद दिला तो एसा द कैरोशने. ‘उश मायश’ (१८८८) या कादंबरीच्या आठव्या प्रकरणात कार्लुश हा तरुण सिंत्राला येतो तो राजवाडे पाहण्यासाठी नव्हे, एका स्त्रीची भेट होईल या आशेने. ती आधीच निघून गेलेली असते. सेतेआइशच्या कमानीतून पेनाचा प्रासाद चौकटीत बसविल्यासारखा दिसतो, जुन्या वळणाचा कवी अलेंकार भारावून जातो, आणि वाचकाला मात्र सगळे थोडे हास्यास्पद वाटू लागते. बरोबरच्या क्रूजेशने आईसाठी इथल्या प्रसिद्ध ‘केजादा’ न्यायच्या असतात. परतीच्या वाटेवर त्याला आठवते की त्या घ्यायच्याच राहिल्या. तरीही एसा सिंत्राची टिंगल करत नाही. झाडांची सावली, पाण्याचा आवाज, संध्याकाळचा ओलावा या गोष्टी तो मनापासून लिहितो. त्याचा उपहास पाहणाऱ्यांच्या तयार भावनांवर आहे, आणि त्यामुळेच सिंत्राविषयीच्या गद्यात हे प्रकरण सर्वांत टिकाऊ ठरते.

भारतीय वाचकासाठी मात्र सिंत्राचा एक निराळाच ग्रंथ आहे, आणि तो कागदावर नाही. पेन्या वेर्द ही वाडी १५४८ साली गोव्यात मरण पावलेला व्हाइसरॉय जुआंव द काश्त्रू याची. त्याने आणविली असे परंपरेने मानली जाणारी एक संस्कृत शिला या वाडीत होती. जेम्स मर्फी या वास्तुशिल्पीने १७९५च्या आपल्या पोर्तुगाल-प्रवासवर्णनात तिची नोंद केली, चार्ल्स विल्किन्सने भाषांतर दिले, आणि पुढे ब्यूलरने ‘एपिग्राफिया इंडिका’त तिचे संपादन केले. अभ्यासकांना ती ‘सिंत्रा प्रशस्ती’ म्हणून परिचित आहे. वास्तविक ती सोमनाथची प्रशस्ती. वाघेला राजा सारंगदेव याच्या काळातली, विक्रम संवत् १३४३ची.

नियतीचा विनोद असा की ही शिलाही एक प्रवासवर्णनच आहे. त्रिपुरांतक या पाशुपत आचार्याच्या तीर्थयात्रेची हकीकत तीत आहे : केदार, प्रयाग, श्रीपर्वत, गोदेकाठचे त्र्यंबक, रामेश्वर, आणि शेवटी प्रभास. तिथे त्याने पाच देवालये बांधली. त्यांपैकी एकाला आईचे, एकाला पत्नीचे नाव दिले. या यात्रेत दृश्याचे वर्णन जवळजवळ नाही. तीर्थांची नावे येतात, तिथे केलेली उपासना येते, आणि यात्रेच्या अखेरीस जे उभे केले त्याचा हिशेब येतो. बायरनच्या नायकाने सिंत्रात काहीच ठेवले नाही, त्रिपुरांतकाने प्रभासात देवळे ठेवली. त्यांचा लेख मात्र समुद्र ओलांडून बागेतली शोभेची वस्तू झाला. पेन्या वेर्दच्या सावलीत तो कित्येक पिढ्या उभा होता, आणि त्यावर काय लिहिले आहे हे घरातल्या कोणालाही वाचता येत नव्हते.