सांतु आणि संत : नावाच्या अर्थाविषयी

सोळाव्या व सतराव्या शतकांत गोमंतकात जे ख्रिस्ती वाङ्मय मराठीत निर्माण झाले, त्यात एक लहानसा शब्द वारंवार भेटतो. तो म्हणजे 'सांतु'. पोर्तुगीज भाषेतून आलेला हा शब्द आपल्या 'संत' शब्दाशी इतका जुळता आहे की, दोहोंचे गोत्र एकच असावे असे कोणासही वाटेल. वस्तुतः तसे नाही. 'सांतु' हा लॅटिन 'सांक्तुस' शब्दाचा वंशज. 'विधिपूर्वक पवित्र ठरविलेला' हा त्याचा मूळ भाव. आपला 'संत' संस्कृत 'सत्' पासून आला. जो खऱ्या अर्थाने 'आहे', तो संत. एका शब्दात कोणीतरी ठरविण्याची क्रिया गर्भित आहे, तर दुसऱ्यात नुसते असणे. योगायोगाने सारखे दिसणारे हे दोन शब्द एकाच भाषेत शेजारी येऊन बसले, आणि मिशनरी पंडितांनी ज्ञानदेव-तुकोबांस इंग्रजीत 'सेंट' म्हणावयास आरंभ केल्यापासून तर त्यांची सरमिसळ पक्की झाली. या सरमिसळीच्या मुळाशी एक वाङ्मयीन प्रश्न आहे : संताच्या नावाचा अर्थ कोठे शोधावयाचा? आवडत्या संताचे नाव भक्त घेतो, तेव्हा तो नेमके काय उच्चारतो?

युरोपात या प्रश्नाचे एक प्रसिद्ध उत्तर तेराव्या शतकात देण्यात आले. याकोबुस द व्होराजिने या इटालियन धर्मगुरूने संतचरित्रांचा जो मोठा संग्रह केला, तो 'सुवर्णगाथा' या अर्थाच्या लॅटिन नावाने सर्व युरोपभर वाचला गेला. छापखाना इंग्लंडात आल्यावर लवकरच, १४८३ साली, कॅक्स्टनने त्याचे इंग्रजी रूपांतर छापले. या ग्रंथात बहुतेक चरित्रांच्या आरंभी त्या संताच्या नावाची व्युत्पत्ती दिलेली असते. 'सेसिलिया' म्हणजे स्वर्गाचे कमलपुष्प, किंवा आंधळ्यांची वाट, असे तो सांगतो. चॉसरनेही सेसिलियेची कथा सांगताना हेच अर्थ घेतले. आधुनिक भाषाशास्त्रज्ञास हे वाचून हसू येते. सेसिलिया हे एका रोमन कुळाचे नाव, आणि त्याचे मूळ 'आंधळा' या अर्थाच्या शब्दात. कोश 'अंध' म्हणतो, भक्ती 'आंधळ्यांची वाट' म्हणते.

आपल्याकडील वाचकांस या प्रकाराचे नवल वाटण्याचे कारण नाही. नावाचे अक्षर-अक्षर फोडून त्यातून तत्त्व काढण्याची हौस आपल्या टीकाकारांसही होती. 'विठ्ठल' शब्दाचे मूळ डॉ. भांडारकरांनी 'विष्णु' या नावाच्या कानडी 'बिट्टि' या रूपात दाखविले. परंतु वारकऱ्यास विचाराल तर तो विटेकडे बोट दाखवील. भांडारकरांचे म्हणणे शास्त्र या नात्याने तपासावे लागते; वारकऱ्याचे उत्तर शास्त्र नव्हेच. 'हे नाव घेताच माझ्या डोळ्यांपुढे काय उभे राहते' या निराळ्याच प्रश्नाचे ते उत्तर आहे. याकोबुसाच्या व्युत्पत्त्याही याच जातीच्या होत. त्या भाषाशास्त्र म्हणून टाकाऊ, आणि भक्तीचा पुरावा म्हणून मोलाच्या.

नावाचा हा व्यवहार प्रत्यक्ष पाहावयाचा असेल तर सातारा जिल्ह्यातील लोणंदास आषाढी वारीच्या दिवसांत जावे. श्रीज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून निघून नीरेच्या काठी येते, नदीत पादुकांस स्नान घडते, आणि नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरताच मुक्काम पडतो तो लोणंदास. पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते. एरवी कांद्याच्या बाजाराबद्दल ओळखले जाणारे हे गाव त्या वेळी एका नावाने भरून जाते. ते नाव 'ज्ञानेश्वर' हे मात्र क्वचितच असते. असते ते 'ज्ञानोबा', आणि त्याहूनही अधिक 'माउली'. ज्ञानाचा ईश्वर हा कोशार्थ मागे पडतो, नाव जिभेवर झिजून घरगुती होते, आणि शेवटी नावाच्या जागी नातेच येऊन बसते. इतकेच नव्हे, तर पाण्याच्या टँकरपाशी रांगेत उभा असलेला वारकरी पुढच्या अनोळखी माणसासही 'माउली' म्हणूनच हाक मारतो. संताचे विशेषनाम येथे सामान्यनाम झाले. व्याकरणाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान, परंतु भक्तीच्या दृष्टीने तिच्याएवढी मोठी गोष्ट दुसरी नाही.

आता या कसोटीवर मराठीतील ख्रिस्ती संतकाव्य घासून पाहू. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेसुइटाचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्यातील मराठीच्या स्तुतीमुळे ते आपल्या पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचले आहे. परंतु त्याच्या मागोमाग आलेल्या दोन संतचरित्रांची सुशिक्षित घरांत ओळखही नसते. पहिले फ्रेंच जेसुइट एतिएन द ला क्रुआ याचे सांतु पेद्रुवरील पुराण. ते १६२९ पासून पुढे गोव्यात छापले गेले. दुसरे आंतोनियु द साल्दान्य याची 'सांतु आंतोनीची जीवित्वकथा'. ती १६५५ ची. दोन्ही ग्रंथ रोमन लिपीत छापलेले असल्यामुळे आमच्या वाचकांच्या दृष्टीआड राहिले. साल्दान्याचा ग्रंथ पुढे अ. का. प्रियोळकरांनी संपादून देवनागरी वाचकांपुढे आणला, हे त्यांचे ऋण मानले पाहिजे.

पेद्रु म्हणजे बायबलातील पीटर. त्याचे मूळ नाव शिमोन. येशूने त्यास 'केफा', म्हणजे खडक, हे नाव दिले, आणि या खडकावर मी आपली मंडळी उभारीन अशा आशयाचे वचन उच्चारले. ग्रीकमध्ये 'पेत्रोस' आणि 'पेत्रा' असा हा श्लेष टिकतो. फ्रेंचमध्ये तर तो पूर्ण टिकतो, कारण 'प्येर' हा शब्द माणसाचेही नाव आहे आणि दगडाचेही. ला क्रुआच्या मातृभाषेत जे आपोआप साधते, ते मराठीत येताच तुटते. 'पेद्रु' या ध्वनीत मराठी कानास कोणताच खडक ऐकू येत नाही. गंमत अशी की, या नावाचे तंतोतंत भाषांतर मराठीत पूर्वीपासून होते. आमच्याकडे धोंडो आहेत, दगडू आहेत, धोंडिबा आहेत. मुले जगत नसली म्हणजे काळाची दृष्ट चुकविण्यासाठी बाळास असे नाव ठेवण्याची रीत महाराष्ट्रात होती. तेव्हा मराठी माणसाच्या मनात दगडाचे नाव म्हणजे आईबापांच्या भयाचे आणि मायेचे नाव. पेद्रुही तीन वेळा डगमगलेला, आपल्या गुरूस ओळखत नाही असे म्हणालेला माणूस. त्यास मिळालेले नाव त्याच्या स्वभावाचे वर्णन नव्हते, त्याच्यापुढे ठेवलेली आशा होती. ही आशा आणि धोंडूच्या आईची आशा यांत अंतर फार थोडे आहे.

ला क्रुआच्या हाती अशी सामग्री होती, आणि मराठी भक्तिकाव्याशी त्याचा परिचयही चांगला होता. तरीही त्याचे पुराण भक्ताचे पुस्तक होत नाही, असे आम्हांस वाटते. याचे कारण उघड आहे. त्या प्रचंड ग्रंथाचा मोठा भाग हिंदू देवता व आचार यांच्या खंडनात खर्ची पडला आहे. ज्याच्या नावाने ग्रंथ उभा आहे, तो पेद्रु वादाच्या गर्दीत मागे राहतो. वादात जिंकणारा ग्रंथ वाचकास निरुत्तर करील, परंतु आवडता संत देऊ शकणार नाही. महिपतीने १७६२ साली 'भक्तविजय' पुरा केला. चमत्कारांची खैरात त्याच्याही ग्रंथात आहे. परंतु ज्या संताची कथा चालू आहे त्याच्यावरून त्याची नजर हलत नाही, म्हणूनच ती पोथी घरोघर वाचली गेली.

साल्दान्याचा सांतु आंतोनी याहून निराळा. हा पादुआचा संत अँथनी जन्माने लिस्बनचा, आणि त्याचे पहिले नाव फेर्नांदो. 'प्रवासात धीट' असा त्या जुन्या जर्मानिक नावाचा अर्थ लावतात. १२२० साली फ्रान्सिस्कन पंथात जाताना त्याने ते नाव टाकून प्राचीन तपस्वी अँथनीचे नाव घेतले. हौतात्म्याच्या ओढीने तो मोरोक्कोस गेला, आजारी पडून परत फिरला, आणि वादळाने त्याचे जहाज सिसिलीस लागले. 'अँथनी' हे प्राचीन रोमन कुलनाम. त्याचा मूळ अर्थ निश्चित सांगता येत नाही. म्हणजे ज्या नावास अर्थ होता ते त्याने सोडले, आणि ज्यास नाही ते घेतले. तो १२३१ साली वारला, आणि वर्ष पुरे होण्याच्या आत रोमने त्यास संत ठरविले. लोकांनी मात्र त्या रिकाम्या नावात स्वतःचा अर्थ भरला : आंतोनी म्हणजे हरवलेले शोधून देणारा. किल्ली हरवो की गाय, नाव त्याचेच घ्यावयाचे. शिवोलीच्या चर्चमधील त्याच्या मूर्तीच्या हाती दोरीच्या फासात धरलेला साप आहे. असा आंतोनी पादुआस ओळखीचा वाटणार नाही, पण शिवोलीस तो आपलाच वाटतो. आणि त्याचे चरित्र गोव्यात लिहिणाऱ्याचेही नाव आंतोनियुच होते. ला क्रुआ पेद्रुविषयी लिहितो ते सिद्धान्त मांडण्यासाठी; साल्दान्य ज्याचे नाव आयुष्यभर स्वतः धारण केले त्याच्याविषयी लिहितो. काव्यगुणांत तो स्टीफन्सच्या खालचा खरा, परंतु त्याच्या विषयातच एक सख्य आहे.

येथे आमच्या प्रतिपादनाचा गाभा येतो. लोणंदास संताचे नाव पुढच्या माणसास दिले जाते ते हाक म्हणून. कॅथलिक घरात ते पुढच्या पिढीस दिले जाते ते नाव म्हणून. रीत निराळी, तत्त्व एकच : संताचे नाव एकट्या संताचे राहावयाचे नाही. म्हणूनच गोमंतकात ही नावे ज्ञानोबासारखीच झिजून घरची झाली. ज्युआंव होता, तो जुवांव झाला. सेबास्त्यांवचा बोस्त्यांव, कायेतानुचा कायतान आणि इनासियुचा इनास झाला. चोवीस जूनच्या योहानाच्या सणास तर 'सांजांव' असेच नाव पडले. 'सांतु' ही पदवी आणि 'जुवांव' हे नाव एकजीव होऊन पावसाळ्यातल्या भरल्या विहिरींत उड्या घेऊ लागले. एकोणतीस जूनला कांदोळीसारख्या गावी होड्या जोडून 'सांगोड' काढतात, तो पेद्रुच्या सणाचा. खडक कोणी स्मरत नाही, तो कोळी होता एवढे मात्र कोळ्यांनी नेमके लक्षात ठेवले आहे. फ्रान्सिस झेवियरच्या आडनावाचा बास्क भाषेतील अर्थ 'नवे घर'. परंतु गोव्याने त्यास 'गोंयचो सायब' म्हटले, आणि 'माउली' प्रमाणेच तेथेही नात्याने नावास मागे टाकले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ही नावे गोमंतकीयांनी सर्वत्र आपण होऊन घेतली नव्हती. फेर्नांदोने नाव बदलले ते स्वेच्छेने. पोर्तुगीज अमलाखाली बाप्तिस्म्याबरोबर जुने नाव गेले, तेथे पुष्कळदा सत्तेचा दाब होता, आणि धर्मन्यायपीठाचे भय होते. ज्या सत्तेच्या आश्रयाने ही पुराणे छापली गेली, तिनेच १६८४ साली लोकभाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला, आणि या वाङ्मयाचा ओघ आटत गेला. हे सर्व खरे आहे. परंतु लादलेले नाव चौथ्या-पाचव्या पिढीत आजीच्या तोंडी 'बोस्त्यांव' होते, तेव्हा ते लादणाऱ्याचे राहत नाही. जुलमाचा दोष जुलूम करणाऱ्याकडे. नावाकडे नव्हे, आणि ते धारण करणाऱ्या मुलाकडे तर नव्हेच. आजही एखाद्या मराठी बोलणाऱ्या आंतोनास 'तुमची भाषा कोणती' असे विचारणारे सुशिक्षित आहेत. त्यांस नावाचा ध्वनी ऐकू येतो, नाते दिसत नाही.

कोशार्थ शुद्ध असला म्हणजे सर्व झाले असे मानणाऱ्यांनी चोखोबांचे स्मरण करावे. 'चोखा' म्हणजे शुद्ध, निर्भेळ. नाव अस्सल मराठी, अर्थ निर्मळ. तरीही ज्या समाजाने हे नाव रोज उच्चारले त्यानेच त्यांस देवळाबाहेर ठेवले, आणि पंढरीचे दार सर्वांस उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींस प्राण पणास लावावे लागले. दुसरीकडे वसईचा गोन्सालो गार्सिया. 'गोन्सालो' या नावाच्या मुळाशी युद्धवाचक शब्द आहे. आणि हा वसईकर १५९७ साली नागासाकी येथे हाती शस्त्र नसता, क्रुसावर भाल्यांनी मारला गेला. रोमने त्यास १८६२ साली संत ठरविले. कोश एकास शुद्ध म्हणतो आणि दुसऱ्यास लढाऊ. दोघांच्या नावाचा खरा अर्थ त्यांनी जगून आणि मरून लिहिला.

'सांतु' आणि 'संत' यांतील भेद आम्हांस पुसावयाचा नाही. एकामागे धर्मपीठाची चौकशी आणि निर्णय आहे, दुसऱ्यामागे केवळ लोकांची साक्ष. परंतु आवडता संत कोणता, हे धर्मपीठासही ठरविता येत नाही; ते किल्ली हरवलेली म्हातारी आणि होडी लोटणारा कोळीच ठरवितो. म्हणून मराठी ख्रिस्ती पुराणांची परीक्षा भाषेचे नमुने किंवा धर्मप्रसाराची साधने एवढ्याच दृष्टीने न करता, त्यांनी मराठी माणसास एखादा आवडता संत दिला की नाही या दृष्टीने झाली पाहिजे. त्या परीक्षेत ला क्रुआ मागे पडेल आणि साल्दान्य पुढे येईल, असा आमचा अभिप्राय आहे. वाचकांनी तो तसाच स्वीकारावा असा आग्रह नाही. मात्र 'भक्तविजया'शेजारी 'जीवित्वकथे'स फळीवर जागा द्यावी, आणि दोन्ही वाचून मग आमच्याशी भांडावे.