कच्च्या बहाराचा सौदा

दिवाळीत बहिणीकडे हिवरखेडला गेलो होतो. तेल्हारा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. भाचा संगणकासमोर बसलेला, पण खेळत नव्हता. एका अर्धवट खेळाच्या पानावर शेवटचा अपडेट कधी आला, ते पाहत होता. म्हणाला, "मामा, दोन वर्स झाले. नकाशाचा हा कोपरा अजून बंदच हाये. मांगच्या दिवाईले खोलतो म्हने." खेळ त्याने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून घेतला होता. दारात सुपारी कातरत बसलेले भाऊजी ऐकत होते. ते म्हणाले, "बहार घेतला तं गळ बी तुयीच."

भाऊजींची संत्र्याची बाग आहे, त्यामुळे बोलणं अनुभवाचं. पण परतीच्या वाटेवर वाटत राहिलं की ते वाक्य इथे पुरतं लागू पडत नाही.

संत्र्याची बाग पुष्कळदा फळ झाडावर हिरवं असतानाच विकली जाते. व्यापारी बाग फिरून पाहतो, अंदाज बांधतो, इसार देतो. पुढे फळगळ झाली तर तो भाव पाडून मागतो, नाहीतर इसार सोडून निघून जातो. म्हणजे कच्चा माल घेणाऱ्याच्या हातात शेवटपर्यंत काहीतरी उरतं.

'अर्ली ॲक्सेस' हा खेळांच्या जगातला असाच सौदा. खेळ पूर्ण व्हायच्या आधी विकायचा आणि आलेल्या पैशांतून, खेळणाऱ्यांच्या सूचनांतून तो पूर्ण करायचा. 'माइनक्राफ्ट' २००९ पासून असाच कच्चा विकला जात होता. पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये आली. मार्च २०१३ मध्ये 'स्टीम' या ऑनलाइन दुकानाने या पद्धतीसाठी वेगळा विभागच उघडला. तिथल्या प्रत्येक खेळावर इशारा असतो: खेळ अपुरा आहे, तो पुढे बदलेल किंवा बदलणारही नाही, आज आहे तसा खेळावासा वाटत नसेल तर थांबा. कायद्याच्या दृष्टीने सगळं सांगून झालं. पण त्याच पानावर खाली पुढच्या योजनांची यादीही बहुधा असते: नवे प्रदेश, नवी शस्त्रं, सोबत खेळायची सोय. इशारा आजच्या खेळाबद्दल बोलतो आणि गिऱ्हाईक पैसे देतं ते उद्याच्या यादीकडे पाहून. पैसे परत मागायची मुदत खरेदीपासून १४ दिवस, तीही खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर. काम थांबलंय हे कळेपर्यंत मात्र दोन वर्षं निघून जातात. संत्र्याच्या व्यापाऱ्याला जे करता येतं, ते भाच्याला करता येत नाही.

म्हणून खेळाडू हातात उरलेलं एकमेव हत्यार वापरतो, ते म्हणजे वाईट अभिप्राय. "काम फार संथ आहे", "खेळ मेला". हा राग खोटा नाही, पण तो नेमका कशावर आहे हे त्या दोन शब्दांत येत नाही. संथपणा हाच दोष असता, तर 'प्रोजेक्ट झोम्बॉइड' कुणी खेळलाच नसता. नोव्हेंबर २०१३ मध्ये स्टीमवर आलेला हा खेळ दहा वर्षं उलटली तरी अर्ली ॲक्सेसमध्येच होता, आणि तरीही त्याचे चाहते वाढत गेले. 'बाल्डर्स गेट ३' ऑक्टोबर २०२० मध्ये आला तेव्हा त्यात कथेचा फक्त पहिला अंक होता; उरलेल्यासाठी लोक ऑगस्ट २०२३ पर्यंत थांबले. 'हेडीज'च्या कर्त्यांनी तर पुढचा मोठा अपडेट किती दिवसांवर आहे, ते खेळातच दाखवलं होतं. या तिन्ही खेळांत हातात आलेलं होतं ते खेळण्याजोगं होतं, आणि पुढचं काम चालू असल्याचं दिसत होतं.

याच्या उलट 'कर्बल स्पेस प्रोग्राम २'. फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये विक्रीला आला, तोही जवळपास पूर्ण खेळाच्या किमतीला. यादीत वसाहती होत्या, दुसऱ्या ताऱ्यांपर्यंतचा प्रवास होता. २०२४ मध्ये तो बनवणारा स्टुडिओच बंद झाला. वसाहती आल्या नाहीत, पण खेळ दुकानात विक्रीला राहिला. असे प्रकार वाढल्यावर, २०२५ च्या सुरुवातीला, स्टीमने बराच काळ अपडेट न आलेल्या अर्ली ॲक्सेस खेळांच्या पानावर तशी सूचना द्यायला सुरुवात केली. विभाग उघडल्यावर बारा वर्षांनी.

आपल्याकडे हा सौदा वेगळ्या नावाने होतो. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली आणि दोनच दिवसांत 'फौजी' या खेळाची घोषणा झाली, अक्षय कुमार आणि आत्मनिर्भर भारताच्या नावासकट. २६ जानेवारी २०२१ ला तो आला तेव्हा त्यात गलवानच्या पार्श्वभूमीवरची एकट्याने खेळायची मोहीम होती, आणि गटाने लढायचे प्रकार 'लवकरच' या पाटीखाली कुलूपबंद होते. काही दिवसांतच प्ले स्टोअरवरचं मानांकन घसरलं. 'हा पबजी नाही' हा त्यातल्या बऱ्याच रागाचा अर्थ होता आणि तो अन्यायाचा होता. पण खेळ अपुरा आहे असं स्पष्ट न सांगता प्रजासत्ताक दिनाचा मुहूर्त साधला गेला, ही तक्रार रास्तच होती. देशप्रेमाने खेळातली पोकळी भरत नाही.

पुण्याच्या 'सुपरगेमिंग'ने 'इंडस' हा बॅटल रॉयल खेळ २०२२ मध्ये जाहीर केला. जानेवारी २०२३ मध्ये आगाऊ नोंदणी सुरू झाली आणि खेळ सर्वांसाठी खुला झाला १६ ऑक्टोबर २०२४ ला. मधल्या काळात वाट पाहणाऱ्यांची चिडचिड झालीच. तरी दोन गोष्टी मान्य करायला हव्यात: नोंदणीला पैसे लागत नव्हते, आणि खेळाडूंना बोलावून चाचण्या घेतल्या जात होत्या. इथे उशिराचा भार मुख्यतः बनवणाऱ्याच्या अंगावर होता. मला कसोटी हीच वाटते. उशीर किती झाला, यापेक्षा तो कुणाच्या खिशातून झाला, हे विचारायला हवं.

हिवरखेडला वाट पाहणं नवीन नाही. गावावरून जाणारी अकोला-खंडवा मीटर गेज गाडी २०१७ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी बंद झाली. अकोला-अकोट टप्पा २०२२ मध्ये सुरू झाला. पुढचा मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून न्यायचा की बाहेरून, या वादात रखडला. लोक वैतागतात, पण गाडी का अडली हे पानटपरीवरचा माणूसही सांगू शकतो. वाघांसाठी थांबायचं, हे पटो न पटो, ते निदान एक कारण आहे. भाच्याला कुणी कारणही दिलेलं नव्हतं.

त्याने लिहिलेला अभिप्राय मी वाचला होता. एक तारा, दोन शब्द. निघायच्या आदल्या रात्री त्याला म्हटलं, आज खेळात काय आहे ते लिही, काय देतो म्हणाले होते ते लिही, आणि शेवटचं उत्तर कधी आलं ते तारखेसकट लिही. त्याने तासभर बसून लिहिलं. नदीकाठचं गाव सुंदर केलंय, पावसाचा आवाज खरा वाटतो, हेही त्यात आलं. रागात त्याला ते आठवलं नव्हतं.

भाऊजींनी वाचून घेतलं आणि म्हणाले, "आता समजलं. म्हंजे बाग चांगली व्हती, मालकच पाणी द्याचं सोडून गेला."