तुलनापत्रकातील अंक आणि शब्द

ठाण्याच्या वागळे औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजक असो वा १९८३ मध्ये स्थापन झालेली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका असो, संगणकप्रणाली विकत घेताना दोघांसही पुरवठादारांची तुलना करावी लागते. डावीकडे निकष, वर पुरवठादारांची नावे आणि चौकटींत गुण, असे या तुलनापत्रकाचे रूढ स्वरूप होय. ते गणित म्हणून वाचले जाते. वस्तुतः तो प्रथम एक भाषिक लेख आहे.

सरकारी खरेदीत परिचित असलेली एक रीत अशी : गुणवत्तेस ७० व किमतीस ३० टक्के भार द्यावयाचा, सर्वांत कमी किमतीस १०० गुण देऊन इतरांचे गुण तिच्या प्रमाणात काढावयाचे. समजा, 'अ' यास गुणवत्तेचे ८० गुण असून त्याची किंमत १० लाख रुपये आहे. 'ब' यास ६५ गुण असून किंमत ६ लाख आहे. एकूण गुण अनुक्रमे ७४ व ७५.५ होतात आणि 'ब' ची निवड होते. आता ५० गुणांचा, ५ लाखांचा 'क' स्पर्धेत उतरला, तर 'अ' ७१, 'ब' ७०.५ व 'क' ६५ असा निकाल लागतो. 'क' शेवटीच राहतो; परंतु त्याच्या केवळ उपस्थितीने 'ब' चा अग्रक्रम 'अ' कडे जातो. दोघांच्या प्रणालींत वा किमतींत मात्र तिळमात्र फरक पडलेला नसतो.

निर्णय असा अर्ध्या गुणावर आला, म्हणजे शब्दांचे महत्त्व ध्यानी येते. 'वापरण्यास सुलभ' हा निकष घ्यावा. सुलभ कोणास? खिडकीवरील लिपिकास, की अहवाल वाचणाऱ्या अधिकाऱ्यास? एक परीक्षक ८ गुण देईल, दुसरा ७. अर्थ निश्चित नसल्याने चूक कोणाचीच नाही. तथापि या एका गुणाचे भारित मूल्य ०.७, म्हणजे निर्णायक अंतराहून अधिक आहे.

'मराठीची सोय : आहे' ही नोंद तर याहून फसवी. स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारात मराठीचा वापर व्हावा म्हणून महाराष्ट्राने २०२२ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. परंतु पडद्यावरील शीर्षके मराठीत असणे ही एक सोय. 'आचार्यांना' व 'आचाऱ्यांना' यांतील भेद राखणे, 'शहा' शोधताना 'शाह' ही नोंदही दाखविणे, 'क्षीरसागर' कोणत्या वर्णाखाली लावावयाचे हे ठरविणे, ही निराळी. जन्मनोंद वा मालमत्ताकर यांच्या खिडकीवर नाव सापडले नाही, तर नागरिकाच्या लेखी नोंदच नाही असे होते. शिवाय कल्याण-डोंबिवलीच्या संगणकीकृत कारभाराचा नमुना या शतकाच्या आरंभानंतर राज्यातील इतर नगरसंस्थांसाठी पुढे आला. अशा नमुन्यातील त्रुटी एका शहरापुरती राहत नाही.

अंक सोडले तर पक्षपातास वाव मिळेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून अंक राहावेत. मात्र निविदा उघडण्यापूर्वी प्रत्येक निकषापुढे त्याची कसोटी लिहिलेली असावी. किमतीचे गुण सर्वांत स्वस्त स्पर्धकावरून न काढता पूर्वनिश्चित अंदाजपत्रकावरून काढावेत. आणि दोन पुरवठादारांतील अंतर परीक्षकांच्या मतभेदाहून कमी भरले, तर प्रत्यक्ष चाचणी पुन्हा घ्यावी. शब्दाचा अर्थ ठरल्यावाचून दिलेला गुण हे मोजमाप नव्हे. ते अंकाच्या वेषातील मत होय.